चाखणाऱ्याचा दगड

“मग मी आत येऊ की नको, माय?”

साळूमाय सुपातली डाळ निवडत होती. तिने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

“बाहीरच थांबा, साहेब.”

साहेब! दौलत ठोसर उंबऱ्याशी खिळल्यासारखा उभा राहिला. तो दालनात शिरला की अख्खं हायकोर्ट उभं राहतं. न्यायमूर्ती असेल तिकडे. इथे तो दौलतच होता, आणि भर उन्हात टेकडी चढून त्याच्या छातीचा भाता झाला होता.

“माय, मी दौलत. ओळखलं नाहीस?”

“डोळे शाबूत हायेत माहे.”

एके काळी या मठात तीस माणसं राहत. आता माय, एक म्हातारी गाय आणि दिवसभर पत्रा वाजवणारा वारा.

दारावर नोटीस चिकटवलेली होती. खाली सही लहानूची.

टेकडीखालच्या तलावाचं पाणी सगळं शहर पितं. त्यात घाण उतरू नये म्हणून आत्मारामने विधानसभेत कायदा मांडला, तो मंजूर झाला : तलावाच्या माथ्यावरची घरं हलवायची. कायद्यात मठाचं नाव नव्हतं, कुणाचंच नव्हतं. लहानू जिल्ह्याचा कलेक्टर. त्याने मोजणी करवली, मठ रेषेच्या आत आला, त्याने सही केली. मायने अंगठा उठवून कोर्टात अर्ज ठोकला. आणि तो अर्ज फिरत फिरत आला तो नेमका दौलतच्या टेबलावर.

तिघेही याच मठात वाढलेले. याच मायचे चेले.

‘हा अर्ज माझ्यापुढे नको’ असं दोन ओळींत लिहून द्यायची रीत दौलतला ठाऊक होती. त्याने लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या हाती गेला आणि माय उघड्यावर आली तर?

“सोमवारी सुनावणी आहे,” तो म्हणाला. “तू घोर लावून घेऊ नकोस. आत्माराम कायद्यात एक ओळ वाढवून घेईल. तोवर लहानू नोटीस दाबून ठेवील. मी स्थगिती देतो. एक संध्याकाळ आम्ही तिघे बसलो की काम फत्ते.”

“कधी बसले होते तिघं? शेवटचे?”

दौलतने मनात वर्षं मोजली.

अकरा वर्षं झाली होती. लहानूच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकून तो न जेवताच निघाला, कारण लहानूच्या खात्याविरुद्धचे सहा अर्ज त्याच्यापुढे होते. आत्मारामची आई गेली तेव्हा त्याने नुसतं पत्र धाडलं. बायको वारल्यापासून बंगल्याचं फाटक एकदा लागलं की घरात माणसाचा आवाज म्हणून नाही. खरं सांगायचं तर मठ वाचवायचा होताच, पण त्याहून त्याला ती एक संध्याकाळ हवी होती.

“घोटभर पाणी तरी देशील?”

“न्यायाधीशाले मी पानी देत नाही. माहा अर्ज हाय तेच्यापाशी.”

“माझ्याकडे आहे म्हणून तर मी...”

“मी अर्ज कोर्टात केला, साहेब. तुमच्यापाशी नाही केला.”

सूप बाजूला ठेवून तिने बोट दाखवलं. “तो दगड पाहा.”

चिंचेखाली तो दगड तसाच होता. पोटऱ्यांना टोचणारी त्याची धारही दौलतला आठवली.

मठात तेव्हा स्वयंपाकाची एक रीत होती. काय शिजवायचं ते आत्माराम सांगे, पण त्याने पळीला हात लावायचा नाही. शिजवायचं लहानूने, पण सांगितलं तेवढंच, मनाचं काही नाही. आणि चाखायचं दौलतने. त्याने नको म्हटलं की अख्खं पातेलं परत चुलीवर. म्हणून तो चुलीपाशी फिरकायचा नाही. शिजेपर्यंत एकट्याने दगडावर बसायचं.

“आमच्यावर भरवसा नाही का तुझा?” असं आत्मारामने एकदा फणकाऱ्याने विचारलं होतं.

“एकावरबी नाही,” माय म्हणाली होती. “म्हनून तिघांवर हाय.”

“किती मीठ टाकलं होतं त्या दिवशी?” मायने आता विचारलं.

दौलतने मान खाली घातली.

पौषातली अमावास्या. दर्शनाला चाळीस माणसं आलेली. हाडं गोठवणारी थंडी, दगड बर्फासारखा, आणि आतून लहानू-आत्मारामच्या हसण्याचा आवाज. दौलतला राहवलं नाही. मागच्या दाराने तो चुलीपाशी जाऊन बसला. काय ती ऊब! लहानू म्हणाला, ‘टाक रे मीठ.’ दौलतने मूठ भरून टाकली. गप्पांच्या नादात पुन्हा एक.

“दोन मुठी,” दौलत म्हणाला.

“अन् चाखून काय सांगतलं?”

“झकास.”

चाळीस माणसं पहिल्या घासाला थुंकून उठली होती. एकटी माय बसून राहिली. तिने वाडगंभर वरण शेवटपर्यंत खाल्लं, दौलतकडे बघत.

वारा पडला. पत्रा गप्प झाला.

“तुला इथून काढतील, माय.”

“काढतील नाही तं ठेवतील. ते परक्या मानसानं चाखून सांगावं.”

“आणि चुकलं तर? या वयात कुठे जाशील?”

“तवा खारट खाल्लं. आताबी खाईन.”

“अगं, मी दगडावरच बसलोय इतकी वर्षं! कुणाकडे जेवलो नाही, कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. एकदा, फक्त एकदा चुलीपाशी यावंसं वाटलं तर...”

चिंचेवरून एक होला उडून गेला.

“मग मी तुझा कोण, माय?”

साळूमाय गुडघ्यावर हात देऊन उठली. आत गेली. मग तांब्या घेऊन ती उंबऱ्यापर्यंत आली.

दौलतचे डोळे भरून आले. तो वाकला, त्याने ओंजळ पुढे केली. मायने धार धरली. विहिरीचं गार पाणी ओंजळीत भरलं, आणि त्याने ते ओठांशी नेलं.

“पिऊ नको,” माय म्हणाली. “हात धू. मिठाचे हायेत, दौल्या.”