लावीची ओळ

फार मागे एका माळावर गौरा नावाची लावी पक्षीण चार पिलांसह राहायची. तिनं पिलांना शिकवलं होतं, "घार दिसता माथ्यावर, पळा काटेरी जाळीत."

एके दिवशी घार खरंच आली. गौरा ओरडून जाळीत शिरली, मागे पाहते तो काय, पिलं उघड्या खडकावर! ती किंचाळत धावली, पण घारीनं एक पिलू उचललंच.

"अरे, जाळीत का नाही आलात?" ती म्हणाली.

थोरलं पिलू रडत म्हणालं, "आई, जाळीत म्हटलं की गाणं जुळत नव्हतं. म्हणून खेळताना आम्ही 'पळा पळा खडकावर' म्हणायचो. तेच तोंडात बसलं."

गौरानं उरलेल्या पिलांना पंखांखाली घेतलं आणि नवी ओळ धरली, "घार फिरे आभाळी, धावत गाठा..." शेवटचा शब्द तिनं मुद्दाम गाळला.

"जाळी!" तिन्ही पिलं एकदम ओरडली.