पोथीतल्या दाराबाहेर

फार जुन्या काळची गोष्ट. हातानं लिहिलेल्या पोथ्या मागे पडून नुकत्याच छापील पोथ्या येऊ लागल्या होत्या. यहुदी लोकांच्या एका गावात एलियाव नावाचा कारागीर होता. सणाच्या प्रार्थनापोथ्यांसाठी तो लाकडात चित्रांचे ठसे कोरायचा. हात गुणी, पण राग कायम नाकावर!

त्याचा धाकटा भाऊ नफ्ताली एकदा भर बाजारात म्हणाला, "आमच्या दादाचा सिंह मांजरासारखा दिसतो." झालं! एलियावनं बोलणंच टाकलं. एवढ्याशा गोष्टीवरून हो!

क्षमेच्या उपासाचा सण जवळ आला. उपासाआधी, ज्याला दुखावलं त्याच्या दारी जाऊन माफी मागायची, अशी त्यांची रीत. नफ्ताली आला, दार वाजवत राहिला. "दादा, चुकलो रे. उघड ना." एलियाव आत बसून ऐकत होता. कडी काही त्यानं काढली नाही.

उलट नव्या पोथीच्या पहिल्या पानासाठी त्यानं स्वर्गाचं बंद दार कोरलं. बाहेर पाठमोरा, मूठ उगारून दार ठोठावणारा नफ्ताली कोरला. "राहू दे जन्मभर बाहेर," तो पुटपुटला.

छापखान्यात पहिला कागद झकास निघाला. दुसऱ्या कागदावर त्या माणसाची मान जराशी वळलेली दिसली. पुढच्यावर गाल दिसला. छापखान्याचा मालक गेर्शोन चरकला. "अरे, पाठमोरा कोरलास ना? मग हा बघतोय कोणाकडे?"

मग पूर्ण चेहरा उमटला. तो एलियावचा होता.

एलियावनं ठसा ओढून घेतला. पटाशी घेऊन त्यानं तो माणूस ठशावरून तासूनच टाकला. तिथे नुसता खड्डा उरला. खड्ड्याला कधी शाई लागते का? तरी कागद उचलला, तर चेहरा तिथंच. आता त्याचं तोंडही उघडं होतं, हाक मारत असल्यासारखं.

"गेर्शोन, बाहेर मीच राहिलो रे!" असं ओरडून एलियाव धावत सुटला.

नफ्तालीचं दार बंद होतं. एलियाव ठोठावत राहिला. आतून चाहूल नाही. मूठ वर असतानाच त्याच्या ध्यानात आलं, की आपण अगदी त्या चित्रातल्यासारखे उभे आहोत. मागे वळून बघायचा त्याला धीर होईना. "चुकलो रे, उघड," तो रडत म्हणाला.

कडी वाजली. "कधीची वाट बघतोय, दादा," नफ्ताली म्हणाला आणि त्यानं भावाला हाताला धरून आत घेतलं.

गेर्शोननं त्याच ठशाचा आणखी एक कागद काढला. बाहेर कुणीच नव्हतं. बंद कोरलेलं दार मात्र किलकिलं झालं होतं. ते कोणी उघडलं, हे आजवर कुणाला कळलेलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, एवढं लक्षात ठेवा: दुसऱ्याला बाहेर ठेवायला जो दार लावतो, तो स्वतःच बाहेर राहतो.