चोएमोनचा बर्फ

जपानात डोंगराच्या कुशीत कुराइवा नावाचं गाव आहे. फार वर्षांपूर्वी तिथे चोएमोन नावाचा चित्रकार राहायचा. चेरीच्या फळीवर तो पटाशीनं चित्र कोरायचा, त्या ठशाला शाई लावायचा आणि कागदावर छापायचा. त्यानं छापलेल्या माशांसमोर मांजरं जिभल्या चाटत बसायची, असं म्हणतात.

दर नव्या वर्षी देवळात एक चित्र लागायचं. ते चोएमोनचंच असायचं.

मग त्याच्या गुरूंची मुलगी ओशिनो ठसे कोरू लागली. तिला पटाशी धरायला त्यानंच शिकवलं होतं. पण लोक आता तिच्या चित्रांपुढे थांबू लागले, आणि चोएमोनचा घास घशाखाली उतरेना. चारचौघांत तो तिचं कौतुक करायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्याच्या जळफळाटानं वाटीतली शाई उकळायची, असं म्हणतात.

एका वर्षी देवळाच्या वृद्ध भिक्षूंनी ओशिनोचं चित्र निवडलं. गावची वाट, चार घरं आणि वर सांजेचं काळंशार आकाश. ठसा तयार झाला. ओशिनो कुंचले धुवायला नदीवर गेली, तेवढ्यात चोएमोन तिच्या घरात शिरला. त्यानं पटाशी उचलली आणि त्या आकाशावर घाव घालत सुटला.

ओशिनो परतली तेव्हा सगळं आकाश खड्ड्यांनी भरलं होतं.

"दादा, हे काय केलंत?"

"मला तुझं चांगलं बघवत नाही," चोएमोन म्हणाला. "दुसरं काही कारण नाही."

ती खूप रडली. दुसऱ्या दिवशी चित्र द्यायचं होतं, नवा ठसा कोरायला वेळ नव्हता. शेवटी तिनं डोळे पुसले. "ज्या हातांनी बिघडवलंत, त्याच हातांनी छापा."

त्यानं शाई लावली, कागद दाबला, उचलला. खोदलेल्या जागी शाई लागली नव्हती. काळ्या आकाशातून पांढराशुभ्र बर्फ पडत होता. त्यातला थोडा कागदावरून निसटून दोघांच्या केसांवर पडला, असं म्हणतात.

देवळात माणसं थक्क झाली. चित्रापुढे उभं राहिलं की श्वासाची वाफ दिसायची.

"हा बर्फ कुणाला सुचला?" भिक्षूंनी विचारलं.

ओशिनोनं चोएमोनकडे पाहिलं, तशा सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. किती दिवसांनी गाव चोएमोनचं कौतुक करायला उभं होतं!

"सुचला नाही," तो म्हणाला. "मी तिचं आकाश नासवायला गेलो होतो. मत्सरानं."

भिक्षूंनी त्याला हात धरून चित्राजवळ बसवलं.

त्याचा मत्सर मेला नाही. तो म्हातारा झाला तरी ओशिनोची वाहवा ऐकली की उठून जायचा. पण तिच्या प्रत्येक चित्रातला बर्फ मात्र तोच कोरायचा.

कुराइवात आजही पहिला बर्फ पडला की घरोघरी लहानसं चित्र छापतात. ज्याच्यावर आपण वर्षभर जळलो, त्याच्या दारी ते नेऊन देतात. घेणारा कारण विचारत नाही. तो वाकून नमस्कार करतो आणि आलेल्याला चहाला आत बोलावतो.