पेंटणबाईंचा परवाना

कुंभेरीच्या नागोजीराव महाराजांनी एक कायदा केला, आणि तो इतका पक्का झाला की खुद्द महाराजांनाच त्यातून वाट सापडेना.

झालं होतं असं. महाराजांना इंग्रजी शिकायची हौस. त्यासाठी त्यांनी एक गोरा मास्तर ठेवला, तो निघाला सर्कशीतला अस्वलवाला. काहीही विचारलं तरी 'येस' म्हणावं, एवढंच त्यानं शिकवलं. पुढं एक बडा साहेब शिकारीला आला, जेवताना काहीतरी गोड बोलला, महाराज ऐटीत 'येस' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी साहेब त्यांचा लाडका अबलख घोडा घेऊन चालता झाला. त्यानं घोडाच मागितला होता!

महाराजांनी अस्वलवाल्याला हाकललं आणि तीन कलमं लिहवून घेतली. परदेशी मास्तरानं परवान्यावाचून राज्यात कुणालाही इंग्रजी शिकवायचं नाही. परवाना इंग्रजीतच असायचा, म्हणजे 'मला कळलं नव्हतं' म्हणायला मास्तराला जागा नको. आणि स्वतः वाचल्याखेरीज महाराज कुठल्याही कागदावर शिक्का उठवणार नाहीत.

मग विलायतेहून पेंटणबाई आल्या. खऱ्याखुऱ्या शिक्षिका होत्या, तोडकीमोडकी मराठीही बोलायच्या. कारभारी दादो विश्राम यांनी त्यांचा परवाना महाराजांपुढं ठेवला. महाराजांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला, आणि आपल्याला हे वाचता येत नाही म्हणून परत केला. आधी वाचायला शिकावं लागेल, असं कारभारी चाचरत म्हणाले.

"कोण शिकवणार?"

"बाई."

"त्यांचा परवाना कुठाय?"

कारभाऱ्यांनी हातातल्या कागदाकडं पाहिलं. तेवढ्यात मागं कुणीतरी फिस्सकन हसलं.

हसली होती सगुणा, बागेतल्या माळ्याची मुलगी. बाईंच्या दिमतीला तिलाच दिलं होतं. महाराजांनी तिला पुढं बोलावलं. कायदा बदला, असं पोरगी म्हणाली असती तर त्यांनी कदाचित बदललाही असता. पण हसली म्हटल्यावर ते हट्टाला पेटले. एकही कलम न मोडता दसऱ्यापर्यंत परवान्यावर शिक्का उठवून दाखव, नाहीतर बाईंची ट्रंक डोक्यावर घेऊन तू आणि तुझा बाप बाईंबरोबर राज्याबाहेर चालू लागा, असा हुकूम सुटला.

सगुणाचं हसू तिथंच विरलं. ती बाग बापानं खडकातून उभी केली होती. बापाला ती हे सांगू शकली नाही. दोन दिवस नुसती कण्हेरीची पानं तोडत बसली. पेंटणबाई तर ट्रंक भरायलाच लागल्या होत्या. ट्रंकेत कपडे रचता रचता त्या म्हणाल्या, "माझी घोडा गेली, असं राजा बोलतो ना?" सगुणा म्हणाली, "गेली नाही, गेला." आणि बोलता बोलता थांबली.

दुसऱ्या सकाळी ती महाराजांपुढं उभी राहिली. बाई जायच्या त्या जातीलच, पण जाताना कुंभेरीची मराठी अशी मोडकी घेऊन गेल्या तर विलायतेत आपलीच नाचक्की. कारभाऱ्यांना शिकवायला सांगितलं असतं, पण ते बोलताना अर्धे शब्द पानाबरोबर गिळतात. अस्सल मराठी ऐकावी ती महाराजांच्याच तोंडून, असं तिनं अगदी गंभीरपणे सांगितलं. महाराजांनी मिशीवर हात फिरवला. उद्यापासून या म्हणाले.

बागेत आंब्याखाली शाळा भरू लागली. महाराज मास्तर, बाई विद्यार्थिनी. महाराज वस्तू दाखवायचे, नाव सांगायचे. बाई पाटीवर मराठीत नाव लिहायच्या आणि स्वतःला आठवावं म्हणून शेजारी आपल्या लिपीत इंग्रजी शब्द. तोंडानं इंग्रजीचं अक्षरही काढायचं नाही, असं सगुणानं त्यांना बजावलं होतं. आणखीही एक बजावलं होतं: रोज एखादी चूक करायचीच.

महाराज मास्तर म्हणून भलतेच कडक निघाले. पाटी तपासल्याशिवाय सुट्टी नाही. एके दिवशी 'घोडा'च्या शेजारचा शब्द पाहून त्यांनी बाईंचा हात धरला.

"हे काय लिहिलंत? ही तर गाय! परवा तुम्हीच गाईपुढं हेच लिहिलं होतंत."

बाईंनी मान खाली घालून शब्द पुसला. सगुणानं जास्वंदीच्या झुडपामागं तोंडात पदर कोंबला. त्या दिवसापासून महाराज दोन्ही बाजू तपासू लागले. आधी शब्द, मग अक्षरं, मग बाई मराठी वाक्यं लिहू लागल्या तशी इंग्रजी वाक्यंही.

दसऱ्याला दरबार भरला. सगुणानं कागद पुढं केला. महाराजांनी तो सुलटा धरला, ओठ हलवत वाचला, आणि चकित होऊन मराठीत सांगितला: "मी नागोजीराव, या बाईंना माझ्या राज्यात शिकवायला परवानगी देतो." महाराजांनी शिक्का उचलला.

कारभारी मध्ये पडले. महाराज वाचायला शिकले, म्हणजे बाईंनी परवान्याआधी शिकवलं, कलम मोडलं, असा त्यांनी गलका केला. महाराजांनी शिक्का खाली ठेवला.

"बोल पोरी. बाईंनी मला शिकवलं की नाही?"

"बाईंनी इंग्रजीसाठी कधी तोंड उघडलं, महाराज? शिकवत तर आपण होतात."

"पण कुणीतरी कलम मोडलंच असणार!" कारभारी म्हणाले.

"मोडलं असेल," सगुणा म्हणाली. "बाई विलायतेच्या. त्यांच्या लेखी परदेशी मास्तर म्हणजे महाराज. आणि बाईंच्या पाटीवरचं इंग्रजी महिनाभर तपासून दुरुस्त कोण करत होतं? कारभारीसाहेब, महाराजांचा परवाना तेवढा बघून घ्या."

कारभाऱ्यांनी महाराजांकडं पाहिलं नाही. महाराजांनी आधी डोळे वटारले, मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे खदाखदा हसले की पगडी मांडीवर आली. हसता हसताच त्यांनी शिक्का उठवला. सगुणाला सोन्याची पाटली दिली, बाग तिच्या बापाच्या नावे करून दिली, आणि आणखी काय हवं ते माग म्हणाले.

तिनं बाईंच्या वर्गात बसायची जागा मागितली.

"बस," महाराज म्हणाले, "पण माझ्या शेजारी. मला काही अडलं तर हळूच सांगायचं."