मेंढ्यांनी आणलेले पिल्लू

एका उघड्या माळावर मेंढ्यांचा एक कळप राहत असे. त्या माळावर झाडे म्हणाल तर दोनच बाभळी, आणि त्याही इतक्या विरळ, की खाली बसलेली साळुंकीसुद्धा उन्हातच दिसे. म्हणून मेंढ्यांनी आपली सावली आपणच करायची रीत पाडली होती. दुपार झाली की सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या राहत आणि जी ती पुढच्या मेंढीच्या पोटाखाली डोके घाली. ऊन उतरेपर्यंत कोणी मान वर काढायची नाही, कारण एक हलली की सगळ्यांची सावली मोडते. मुलांनो, तुम्ही कधी भरदुपारी मेंढरे पाहिली असतील तर तुमच्याही हे लक्षात आले असेल. नुसत्या पाठी दिसतात, डोके एकही दिसत नाही.

मान वर असे ती फक्त एका म्हाताऱ्या कुत्र्याची. तो जवळच्या टेकाडावर जीभ बाहेर काढून बसे आणि गवत हलले की भुंके. ससा पळाला तरी भुंके, पाचोळा उडाला तरी भुंके. मेंढ्या वैतागत. "याला दुसरा काही उद्योग नाही," असे कोणीतरी पोटाखालूनच पुटपुटे. पुढे तो कुत्रा म्हातारपणाने मेला. दहाव्या दिवशी भरदुपारी एका लंगड्या मेंढीचे कोकरू नाहीसे झाले. मेंढ्यांनी माना वर काढल्या तेव्हा ओढ्याच्या दिशेने लांडगा जाताना दिसला, आणि त्याच्या तोंडात काय होते ते सांगायला नको. त्या दिवशी सगळ्यांना मेलेल्या कुत्र्याची फार आठवण आली.

त्याच कळपात काळ्या तोंडाची एक मेंढी होती. तिची आधीची दोन कोकरे जगली नव्हती. आता उतारवयात तिला एक कोकरू झाले होते, जेमतेम पंधरा दिवसांचे. लंगडीचा हंबरडा तिने तीन दिवस ऐकला आणि चौथ्या दिवशी सकाळी कळपाचा म्होरक्या जो म्हातारा एडका, त्याच्यापुढे ती जाऊन उभी राहिली.

"आजोबा, दुसरा कुत्रा आणायला हवा. आणि निवडायला मी येणार."

"तू कशाला? लेकुरवाळी बाई तू."

"म्हणूनच," ती म्हणाली.

ओढ्याकाठी खडकाच्या कपारीत एक कुत्री व्यायली होती. एडका, मेंढी आणि तिला चिकटलेले कोकरू असे तिघे तिच्याकडे गेले. कपारीत चार पिल्ले होती. त्यातले एक तांबडे पिल्लू पाहुण्यांना बघताच उठले, पाय रोवून उभे राहिले आणि आपल्या अंगापेक्षा मोठ्या आवाजात भुंकू लागले. एडक्याने खूर आपटला तरी ते मागे सरेना. एडका खूश झाला. "हेच घेऊ," तो म्हणाला. "याला भीती म्हणजे काय ते ठाऊक नाही."

पण कोकरू आईच्या पायांत शिरून लटलटा कापत होते. मेंढीचे सगळे लक्ष तिकडे. इतक्यात एक करडे पिल्लू आवाज न करता पुढे आले. त्याने कोकराच्या नाकाला नाक लावले, वास घेतला आणि शेपटी हलवली. कोकराचे कापणे थांबले. मेंढीला भरून आले. तिच्या मनाने तिथेच कौल दिला.

"आजोबा, हे."

"अगं, हे तोंडातून शब्द काढत नाही. राखण करायला नेतोय आपण, खेळायला नाही."

"माझं लेकरू त्या तांबड्याला बघून मरेल भीतीनं. मग राखायचं कोणाला?"

एडक्याने तांबड्याकडे एकदा पाहिले आणि तो बाजूला सरला. कुत्री मात्र सगळे ऐकत होती. तिने करड्याला पुढच्या पायाने जवळ ओढले आणि त्याचे कपाळ चाटले.

"बाई, खुशाल ने," ती म्हणाली. "याच्याइतके तिखट कान माझ्या दुसऱ्या कोणाला नाहीत. पण हा ऐकणारा आहे. याला एकदा सांगितलेलं हा विसरत नाही. तेव्हा काय सांगशील ते विचार करून सांग." मग तिने पाठ फिरवली, कारण पिल्लू जाताना तिला पाहवले नसते.

वाटेत ओढा लागला. पिल्लू पाण्याला बिचकून काठावरच बसले. मेंढीने त्याला मानेला धरून पलीकडे नेले, आणि दात लागू नयेत म्हणून ते इतके हळू धरले, की दोनदा निसटून पाण्यात पडले. संध्याकाळी ते आईसाठी रडू लागले. मेंढीने त्याला कोकराच्या शेजारी घेतले. भुकेने त्याने तिच्या सडाला तोंड लावले, आणि तिने पाय मागे घेतला नाही. त्या घटकेपासून ते तिला आई म्हणू लागले.

नव्याला कळपात घ्यायची मेंढ्यांची एक रीत होती. नव्याने मधोमध उभे राहायचे आणि प्रत्येक मेंढीने येऊन त्याच्या अंगाला अंग घासायचे. तसे तीन दिवस केले. तिसऱ्या दिवशी एडक्याने पिल्लाचा वास घेतला आणि म्हणाला, "आता याला कुत्र्याचा वास येत नाही. आता हा आपला झाला." सगळ्यांना बरे वाटले. यात काही चुकले असे कोणाच्याही मनात आले नाही, माझ्याही आले नसते.

पिल्लू हळूहळू रुळले. कोकराच्या शेपटीशी खेळे, त्याच्याबरोबर धावे, त्याच्याबरोबर धापा टाके. एकदा त्याचे पाहून गवतही खाल्ले आणि ओकले, तेव्हा मेंढ्या पोट धरधरून हसल्या. पण दुपार झाली की ते आपण होऊन टेकाडावर जाई. कोणी शिकवले नव्हते. तिथे मान वर करून बसे, आणि गवत सळसळले की भुंके.

पहिल्या भुंकण्याला सगळा कळप उधळला. एक गाभण मेंढी ठेचकाळून पडली. दुसऱ्या दिवशी तितर उडाला म्हणून भुंकले, तिसऱ्या दिवशी वावटळ आली म्हणून. मेंढ्या काळ्या तोंडाच्या मेंढीकडे येऊन बोलू लागल्या. "तूच आणलंस ना निवडून? जरा वळण लाव त्याला." "आमच्या पोरांना आम्ही असं मोकाट सोडत नाही." गाभण मेंढी नुसती बघून गेली. ते मेंढीला जास्त लागले. चारचौघींत आपल्या लेकराला नावे ठेवलेली कोणत्या आईला सोसतील? आणि एव्हाना ते तिचेच झाले होते.

ती टेकाडावर गेली. "खाली ये," ती म्हणाली.

"आई, तिकडे काहीतरी हललं."

"हलू दे. इथं तो म्हातारा बसायचा. त्याला कोणी नव्हतं. तुला आम्ही आहोत." तिने त्याला कळपात नेले आणि आपल्या पोटाखाली त्याचे डोके घातले. "ऊन उतरेपर्यंत मान वर काढायची नाही. आणि ओरडायचं तर मुळीच नाही. शहाणी मुलं अशी वागतात."

पिल्लाने एकदा ऐकले, आणि कुत्रीने सांगितले होते तसेच झाले. ते विसरले नाही.

चार महिने गेले. पिल्लाचा चांगला थोराड कुत्रा झाला. दुपारी तो बिनबोभाट येई आणि मेंढीच्या पोटाखाली डोके घालून उभा राही. कळप त्याचे कौतुक करताना थकत नसे. "असा गुणी कुत्रा पाहिला नाही बाई," असे आता त्याच मेंढ्या म्हणत. काळ्या तोंडाच्या मेंढीची मान ताठ होई. एकदा फक्त म्हातारा एडका तिला म्हणाला, "पोरी, याला आपण कशासाठी आणलं होतं?" ती म्हणाली, "आजोबा, लांडगा आलाय का एकदा तरी?" एडका चरायला वळला. लांडगा आला नव्हता, हे खरेच होते. पिल्लाचे ते पहिल्या दिवसांतले भुंकणे ओढ्यापलीकडे पोचले होते, आणि लांडगा चार महिने त्याच्याच धाकाने लांब राहिला होता. पण हे कळपात कोणाला कळणार?

एक अडचण मात्र झाली होती. मेंढीच्या पोटाखालची सावली होती तेवढीच होती, आणि कुत्र्याने ती सगळी व्यापली होती. कोकरूही वाढले होते. म्हणून ती त्याला आपल्या मागे उभे करी. तिची जागा कळपाच्या कडेला, त्यामुळे कोकराच्या मागे नुसते गवत असे.

गवत वाळून कुसळे धरू लागले होते तेव्हाची गोष्ट. ऊन कडक होते. माळावर नेहमीसारख्या पाठीच पाठी दिसत होत्या. कुत्र्याचे कान मेंढीच्या पोटाला चिकटलेले, तरी त्यातला एक उभा राहिला.

"आई," तो हळूच म्हणाला, "गवत वाजतंय."

"वारा असेल."

"वारा नाही. वारा थांबून थांबून चालत नाही." त्याचे नाक हलले. "आई, वास येतोय. माझ्यासारखाच आहे, पण माझा नाही. मान वर काढू?"

मेंढीने मान उचलायला घेतली. पण शेजारच्या मेंढीने कुरकुर केली, "काय चाललंय गं तुमचं? ऊन लागतंय." मेंढीला लाज वाटली. "गप," ती कुत्र्याला म्हणाली. "दुपारी कळपात कोणी मान वर काढत नाही. किती वेळा सांगायचं?"

तिने एकदाच सांगितले होते. कुत्रा गप्प राहिला. त्याचे सगळे अंग थरथरत होते, आणि ते थांबावे म्हणून मेंढीने आपला पाय त्याच्या पाठीवर दाबून धरला.

मग मागे काहीतरी घसटले. कोकराचा अर्धाच आवाज आला.

मेंढीने मान वर काढली. सगळ्यांनीच काढल्या. लांडगा ओढ्याकडे चालला होता. धावतही नव्हता. धावण्याची गरज नाही हे त्याला त्या माळावर पाऊल टाकतानाच कळले असावे, कारण कळप चरून गेलेल्या गवतात त्याला मेंढरांखेरीज कशाचाच वास लागला नव्हता. कोकराचे पाय त्याच्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना लोंबत होते. मेंढी ओरडत धावली, ओढ्यापर्यंत धावली, आणि तिथून पुढे तिला काही दिसले नाही.

ती परत आली तेव्हा कुत्रा तिथेच उभा होता, तिने सोडला होता त्या जागी. त्याची मान अजून खालीच होती. तिची चाहूल लागली तसे त्याने विचारले, "आई, आता भुंकू?"

एडका दुसरीकडे पाहू लागला. लंगडी मेंढी मात्र जवळ आली आणि काळ्या तोंडाच्या मेंढीला चिकटून उभी राहिली. त्या दोघी संध्याकाळपर्यंत तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढीने कुत्र्याला टेकाडावर नेले. "इथं बस," ती म्हणाली. "मान वर ठेव. काही हललं की भुंक. मोठ्यानं भुंक." तो बसला. त्याने मान वर केली. जरा वेळाने गवत सळसळले आणि त्याचे तोंड उघडले, पण आवाज करण्याआधी त्याने वळून तिच्याकडे पाहिले. तिने मान हलवली. तेव्हा कुठे तो भुंकला, आणि तेही दबक्या आवाजात. दुसऱ्यांदा गवत सळसळले, तेव्हाही त्याने आधी तिच्याकडेच पाहिले. पुढे कितीही दिवस गेले तरी त्याची ती सवय गेली नाही.

म्हणून काळ्या तोंडाच्या मेंढीने कळपातली आपली जागा सोडली. आता दुपारी त्या माळावर नुसत्या पाठी दिसतात आणि टेकाडावर दोन माना दिसतात. एक कुत्र्याची. दुसरी त्याच्या शेजारी भर उन्हात उभ्या असलेल्या मेंढीची. त्याने वळून पाहिले, की होकार द्यायला तिला तिथे असावे लागते.

तात्पर्य : ज्याला आपली राखण करायला घरी आणले, त्याला आपल्यासारखे वागायला शिकवू नये; कारण त्याच्या ज्या आवाजाचा आपल्याला जाच होतो, त्या आवाजावरच आपली लेकरे जगत असतात.