घरातली राखीव गडी

"आपल्या हणमंताला यंदा संघातून काढा. राखीव गडी म्हणजे काय, बाकावर बसून केळी खाणार!"

हे माझ्या कानांसाठी नव्हतं, पण आमच्या स्वयंपाकघराची खिडकी ओसरीवरच उघडते. बोलत होते आमच्याच घरात राहणारे चुलतसासरे बापूसाहेब, गावच्या कबड्डी मंडळाचे अध्यक्ष. हणमंत म्हणजे माझा नवरा. कुणाचा गुडघा दुखावला की त्याची जागा हा धरतो, मग ती कोपऱ्यातली असो वा मधली. स्वतःची अशी जागा मात्र त्याला नाही.

दुपारी पंगत बसली. बापूसाहेब चौथी भाकरी घेऊन कालवण भुरकत म्हणाले, "वहिनींच्या हाताला चव आहे बुवा!"

"तिचा हात कालपासून मुरगळलाय," सासरे म्हणाले. "थोरली माहेरी गेलीय. सगळं धाकटीनं केलंय."

घरातलं असलं काही अध्यक्षांना दिसत नाही. "अरे वा! मग सूनबाई, तुझं ठरलेलं काम कुठलं? भाकरी का कालवण?"

नवरा मान खाली घालून भाताशी खेळत होता. त्याच्याही कानावर गेलं होतं तर. मी भाकरीची दुरडी खाली ठेवली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्यांपुढे बोलले.

"कुठलंच नाही, बापूसाहेब. भाकरी सासूबाईंची, कालवण जाऊबाईंचं. जिची जागा रिकामी पडेल, तिथं मी. या घरातली राखीव गडी मीच. यांना काढताय, तर मलाही काढा. फक्त तेवढं सांगा, संध्याकाळी जेवायला कुणाकडे जाणार?"