विश्वंभर सरांची पोटाची वही

"…आणि सरांच्या पोटाला तिनंच केलंय म्हणे काहीतरी. मला परवा यमुनाच्या—"

तेवढ्यात गिरणीचा पट्टा सुरू झाला. पुढचं सगळं त्या घरघरीत गेलं.

यमुना म्हणजे सरांची भावजय, धाकट्या पद्माकरची बायको. एवढं कळलं. पण केलंय काय? पीठ घेऊन मी घरी आले, मन मात्र गिरणीतच राहिलं.

विश्वंभर सर आमच्या समोरचे. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली. अकरा वर्षांपूर्वी दोघा भावांचं बिनसलं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत उभी राहिली. इकडे सर एकटे, तिकडे पद्माकर आणि यमुना.

सरांचं पोट कायम बिघडलेलं. जेवले की फुगायचं, जळजळायचं. कधी तीन-तीन दिवस साफ नाही, तर कधी दिवसभर संडास ते खोली. दुर्बीण घालूनही बघितलं. डॉक्टर म्हणाले, आत जखम वगैरे काही नाही. गोळ्या चालू होत्या, पण माणूस दर महिन्याला अर्धा होत होता. वांगं सोडलं, गहू सोडला, दूध सोडलं, डाळ सोडली… आता मऊ भाताखेरीज सोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

ओढ्यापलीकडच्या मठात आवडाक्का आहेत. चाळीस वर्षं तिथला स्वयंपाक त्यांच्याकडे. लोक जेवायला यायचे, हळूहळू अडीअडचणी विचारायलाही यायला लागले. सर असल्या गोष्टींना हसायचे. तरी शेवटी निघाले. वाटेत चक्कर आली तर हाताशी कुणी असावं म्हणून मला बरोबर घेतलं. मी चपला घालूनच बसले होते, ते जाऊ दे.

"अक्का, मी अंगारेधुपारे मानत नाही," सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं.

"मीही नाही. बसा."

सरांनी पिशवीतून जाडजूड वही काढली. "सहा वर्षांची नोंद आहे. काय खाल्लं, किती खाल्लं, त्रास झाला की नाही. माझा एकच प्रश्न आहे. मला यातलं बाधतं काय?"

अक्कांनी चष्मा लावला. पानं उलटली.

"मऊ भात, ताक… त्रास. मऊ भात, मुगाचं पाणी… त्रास." मग त्या थांबल्या. "आणि हे? भाकरी, भरीत, मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. त्रास नाही?"

"ती नोंद चुकली असणार."

"कुठं होतात त्या दिवशी?"

"एका विद्यार्थ्याच्या मळ्यावर. चार दिवस."

"चारी दिवस नोंद चुकली?"

अक्कांनी वही मिटली. पान वाढलं. मऊ भात, वर तूप, बाजूला मेतकूट. "जेवून घ्या आधी."

सर जेवायला लागले. अक्का माझ्याकडे वळून सहज म्हणाल्या, "काय गं, आज सकाळी ती यमुना कशाला एवढी हसत होती?"

मला खरंच ठाऊक नव्हतं. तेच तर माझं दुःख.

पण सरांचा हात तोंडापाशी थांबला होता. मान किंचित कलली होती.

अक्कांनी त्या हाताकडे बोट केलं.

"सर, घास कुठं आहे?"

"हातात."

"आणि तुम्ही?"

सरांची नजर हातातल्या घासावर गेली.

"घरी कुठं बसता जेवायला?"

"भिंतीला लागून."

"एवढं घर मोकळं असताना?"

"तिथं… ऐकू येतं."

"काय येतं ऐकू?"

"भांडी. कुकरच्या शिट्ट्या. पद्माकर हसतो कधी कधी." सरांनी घास पानात ठेवला. "मला वाटतं, माझ्याबद्दल काही बोलतील."

"बोलतात?"

"अकरा वर्षांत एकदाही नाही."

ओढ्यावर कुणीतरी कपडे आपटत होतं.

"म्हणजे माझा आजार खोटा, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"खरा आहे. डॉक्टरांची गोळी सोडायची नाही."

आता मात्र मला राहवेना. "अक्का, गिरणीत म्हणत होते, यमुनानंच काहीतरी केलंय म्हणून."

"मी असलं मानत नाही," सर म्हणाले. पण डोळे अक्कांवरून हलले नाहीत.

"केलंय तिनं," अक्का म्हणाल्या.

"बघा!" सर एकदम ताठ झाले. "तरी मी म्हणत होतो! काय केलंय?"

"परवा इथं तांदूळ निवडायला आली होती. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. म्हटलं, बाई गं, इतकी का वाळलीस? तर म्हणाली, घरातल्या थोरल्याच्या आधी जेवायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. पद्माकरला वाढते आणि बसून राहते. पलीकडच्या मोरीत तुम्ही चूळ भरल्याचा आवाज आला की मग स्वतःचं पान घेते."

"रोज?" सरांनी विचारलं.

"भिंत झाल्यापासून."

मी असते तर तेवढ्या वेळात दोनदा जेवले असते. गिरणीतली बातमी अर्धी खरी निघाली होती, आणि नेमका तो अर्धा भाग कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

भातावरचं तूप थिजलं.

"अक्का," शेवटी ते म्हणाले. आवाज अगदी पोरासारखा. "मग मी… खाऊ तरी काय?"

अक्कांनी अंगणातलं ऊन कुठवर आलंय ते पाहिलं.

"दीड वाजून गेला, सर. आधी घरी जा आणि चूळ भरा."